तालीम

आमच्या मालकांचं पापाच्या तिकटीला कुलपांचं दुकान.
सात लिव्हरचं, नऊ लिव्हरचं, गोदामाचं, तिजोरीचं,
सायकलीचं साखळीवालं.
गिऱ्हाईक म्हणतं, चावी हरवली.
मालक म्हणतात, आमच्या घरात आजवर हरवली नाही.
खरं आहे. ती त्यांच्या करदोट्याला असते.

औंदा मगदूम सरांनी स्पर्धेला जुनं फ्रेंच नाटक घेतलं,
तीन-साडेतीनशे वर्षांमागचं, मराठीत आणलेलं.
एक म्हातारा, टोपांचा व्यापारी,
अनाथ पोरीला लग्नासाठी म्हणून घरात वाढवतो,
आरसा दाखवत नाही.
रूप कळलं की पाय फुटतात म्हणतो.
सरांनी म्हातारा मालकांना दिला.
म्हणाले, दादा, तुम्हाला फार काही करावं लागणार नाही.
मालकांना ते कौतुक वाटलं.

कोल्हापुरात तालीम म्हटलं की लाल माती.
आमची तालीम स्वयंपाकघरात, भांडी घासून झाल्यावर.
मालक म्हातारा. मी पोरगी, वही धरून.
मी वाचायचो, "बरं, जातो मी."
"जाते! जाते म्हण. काय लिहिलंय पुस्तकात?"
आता आमच्यात आई, आज्जी, गल्लीतल्या सगळ्याजणी
येतो म्हणतात, जातो म्हणतात,
बाळंत झालो म्हणतात.
मी परत वाचायचो. जाते.
एकवीस रात्री जाते, जाते.
गेलो कुठंच नाही, तो भाग वेगळा.

पोरगी लबाड नाही, हीच तर गंमत.
घड्याळ दुरुस्त करायला आलेला तरुण
म्हाताऱ्यानंच बोलावलेला,
आणि पोरगी म्हाताऱ्यालाच विचारते,
"तो आला की इथं आत टिकटिक होते,
ह्याला तेल घालतात का हो?"
इथं मी वही मिटून घ्यायचो,
दूध उतू जातंय म्हणायचो.

प्रयोगाचा पास शाल्मलीनं दिला,
राजारामला शिकते, पोरीचं काम तिचं.
मालकांच्या कमरेला आमच्या घरचाच जुडगा.
सर म्हणाले होते, खोट्या चाव्या वाजत नाहीत.

दहाव्या रांगेत बसलो.
मालक बोलले, "तुझ्या भल्यासाठीच सांगतो."
लोक हसले.
"खिडकी लाव, सर्दी होईल."
लोक हसले. हे वाक्य नाटकात नव्हतं.
हे आमच्या घरचं.
मी हसलो नाही. मग हसलो.
मग पदर तोंडात धरून हसलो.
शेजारची बाई म्हणाली, काय म्हातारा उभा केलाय, नाही?
मी म्हटलो, उभाच होता.

शेवटी दार उघडं, पोरगी उंबऱ्यावर,
आणि शाल्मली अडली.
विंगेतनं कोणी कुजबुजलं, पंख्यात विरलं.
एक शब्द. एकवीस रात्रींचा.
माझ्या तोंडातनं गेला, ठणठणीत:
"जातो मी!"

नाट्यगृह वळून बघायला लागलं, टाळ्या, शिट्ट्या.
शाल्मली गेली.
मालकांनी "थांब" म्हणायचं होतं.
अंधारात दहावी रांग शोधत राहिले,
म्हणालेच नाहीत.
पडदा पडला. सर म्हणाले, दादा, काय थांबलात, वा!

रात्री साडेबाराला घराच्या दारात,
मालक कमर चाचपतायत.
जुडगा विंगेत, पेटीत, पेटी टेम्पोत,
टेम्पो गेला इचलकरंजीला.
दाराला नऊ लिव्हरचं, मोडत नाही असं
मालक स्वतः गॅरंटी देऊन विकतात.
दोन धक्के मारले. नाही मोडलं.
एवढ्या रात्री त्यांचा चेहरा जरा उजळला, माल चांगला म्हणून.

मग गंगावेशीत, दूध कट्ट्यावर.
सव्वीस वर्षांत मी हे ऐकूनच होतो,
म्हैस समोर पिळतात, पेल्यावर फेस, रात्र रस्त्यावर बसलेली.
मालक रंग न पुसलेल्या तोंडानं विचारत होते,
"लोक हसत होते ते कोणाला गं?"
मी ओठावरचा फेस पुसला.
त्यांना वाईट वाटेल असं बोलायचं नव्हतं
आणि खोटंही बोलायचं नव्हतं, म्हणून म्हैशीकडं बघितलं.

सरांचा पोरगा मोटरसायकलवरनं जुडगा घेऊन आला.
मालक उठले. "चल."
मी म्हटलो, थांबा जरा,
अजून एक पेला पितो.

ते उभेच राहिले, चाव्या हातात,
तोंडावर अर्धा म्हातारा.
'पिते' म्हण, असं म्हणाले नाहीत.
दूधवाल्याला म्हणाले, दोन दे.